भ्रामरी, लिफ्ट आणि माझा रक्तदाब

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला गुंडाळला. दोन्ही दंडांचं एकमत झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा पेशंटने खुर्ची घट्ट धरावी, एवढं मी रक्तदाबाच्या आठ वर्षांत शिकलो आहे.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"घेतो."

"मीठ?"

"नावापुरतं."

"काम काय करता?"

मी सांगितलं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात मी वरिष्ठ लिपिक आहे. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वहीत नोंदवायच्या, हे माझं काम. पाणी सोडणारा विभाग वेगळा, त्यांची इमारत वेगळी, आणि त्यांचा फोन आम्हालाही लागत नाही. रोज साधारण साठ माणसं खिडकीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मी तो शुद्धलेखन सांभाळून लिहून घेतो.

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "तुम्हाला ताण आहे," ते म्हणाले.

एवढं कळायला दोन्ही दंड लागले, याचं मला वाईट वाटलं. त्यांनी एका कागदावर एका बाईंचा पत्ता लिहून दिला. "योगोपचार करतात. जुनाट आजारवाल्यांना शिकवायची त्यांची पद्धत वेगळी आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण हे करून बघा, नाहीतर पुढच्या वेळी मला तुम्हाला दाखल करून घ्यावं लागेल."

'दाखल' हा शब्द मी बायकोपासून लपवणार होतो. पण आमच्या घरात माझ्या तोंडावरची रेष हलली की ती वाचली जाते. बायकोने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "मी पण येणार."

"तू कशाला?"

तिने फक्त हात पुढे केला. तिला संधिवात आहे, सहा वर्षं झाली. सकाळी तिच्या बोटांची मूठ उघडत नाही. बरणीची झाकणं उघडणं हे आमच्या घरात माझं खातं आहे, आणि तेवढ्या एका खात्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

योगोपचारवाल्या बाई बत्तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर हे शिक्षण घेतलं, पण सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. उंचीने माझ्या खांद्याइतक्या. मी मात्र त्यांच्यासमोर बसलो की आपोआप पाठ ताठ करायचो. त्या म्हणाल्या, "एकट्यादुकट्याला मी शिकवत नाही. एकटा माणूस चौथ्या दिवशी झोपून राहतो. चारचौघांत लाज वाटते म्हणून तरी येतो. दहा माणसं जमवा, जागा बघा, मी येते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणी 'व्यवस्था करा' म्हटलं की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. मी घरी येऊन एक नोटीस लिहिली आणि इमारतीच्या फलकावर लावली : 'जुनाट आजार व ताणतणाव असणाऱ्या रहिवाशांनी चौथ्या मजल्यावर संपर्क साधावा.'

मी परत वर पोहोचायच्या आत दारात माणसं उभी होती.

माणसाला आपल्या आजाराचा एवढा अभिमान असतो, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थायरॉईडचे बारा वर्षांचे रिपोर्ट पिशवीतून आणले होते. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश दम्याचे रुग्ण. त्यांना आम्ही जजकाका म्हणतो. ते काकूंना म्हणाले, "थायरॉईड ही एका गोळीची केस आहे हो. दमा म्हणजे रोजची सुनावणी." काकूंना हे लागलं. त्यांनी कमरेचा एक्स-रे उजेडाकडे धरला. मग जजकाकांनी फुफ्फुसांचा धरला. आमच्या बैठकीच्या खोलीत बराच वेळ दोन एक्स-रे समोरासमोर उभे होते. मी मध्येच माझा रक्तदाब सांगून बघितला, तर जजकाका म्हणाले, "एवढा तर सगळ्यांनाच असतो."

शिवाय सल्ले. काकूंची खात्री होती की योगासनं सुरू केली की गोळ्या लगेच बंद करायच्या. त्यांच्या बहिणीच्या जावेने केल्या होत्या. "मग आता त्या कशा आहेत?" असं बायकोने विचारलं, तेव्हा काकूंनी विषय बदलला. जजकाकांच्या मते ताणावर एकच उपाय, डाव्या कुशीवर झोपणे. आणि बँकेतला अर्धशिशीवाला कॅशियर, जो आयुष्यात कधी वाकलेला मी पाहिला नाही, त्याने मला शीर्षासनाचे फायदे पाऊण तास उभ्याने समजावले.

तरी अकरा माणसं जमली. आता राहिली जागा. आमच्या इमारतीला तळमजल्यावर एक हॉल आहे, लिफ्टच्या शेजारी. तो कायम रिकामा असतो आणि त्याची किल्ली सेक्रेटरींकडे असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

सेक्रेटरी माणूस वाईट नाही. नऊ वर्षं ते हे पद सांभाळत आहेत, कारण दुसरं कोणी घेत नाही. पण नियमावली त्यांना तोंडपाठ आहे. पाठ असलेली गोष्ट माणूस म्हणून दाखवणारच. त्यांनी फॉर्म पुढे केला. वापराचं कारण : सभा, समारंभ, प्रदर्शन, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि समोर लिहिलं, 'श्वसन'.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "श्वसन तुम्हाला आपापल्या घरी करता येत नाही?"

"करतो ना. पण हे सगळ्यांनी मिळून करायचं आहे."

"मिळून म्हणजे सभा झाली. सभेला विषयपत्रिका लागते."

मी विषयपत्रिका दिली. विषय एक, श्वास आत घेणे. विषय दोन, श्वास बाहेर सोडणे. विषय तीन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. सेक्रेटरींनी ती गंभीरपणे फाइलला लावली आणि म्हणाले, "आता प्रत्येकाचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणा, की हॉलमध्ये त्यांना काही होणार नाही."

मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं आहे, असं सर्टिफिकेट मी देतो. काही होणार नाही, असं जगात कोणीही देत नाही." मी सेक्रेटरींकडे आलो. ते म्हणाले, "मग काही झालेलं आहे, असं आणा." ते अकरा जणांचं आणलं. ते वाचून सेक्रेटरी पांढरे पडले. "एवढी आजारी माणसं एका हॉलमध्ये? एका वेळी?"

शेवटी जजकाका खाली उतरले आणि त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोर्टातला आवाज काढला. त्यानंतर त्यांना दहा मिनिटं धाप लागली, पण किल्ली मिळाली.

वर्ग सुरू झाला. रोज सकाळी सात वाजता. मला वाटलं होतं पाय गळ्यात वगैरे अडकवायचे असतील. पण सिस्टरांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. खांदे वर, खांदे खाली. बोटं उघडा, बोटं मिटा. श्वास मोजून घ्या, त्याहून सावकाश सोडा. "दुखलं की थांबायचं. इथे बक्षीस नाही," त्या म्हणाल्या. काकूंनी गोळ्या बंद करायचा विषय काढताच त्यांनी एवढंच सांगितलं, "गोळी बंद, तर वर्ग बंद." काकूंनी पिशवीतली डबी तिथल्या तिथे उघडून गोळी घेतली. 'सैल सोडा,' हे शब्द सिस्टर ज्या आवाजात म्हणायच्या, त्या आवाजात इतरत्र 'हात वर करा' म्हणतात. आम्ही घाबरून सैल पडायचो.

वर्गाच्या आधी आणि नंतर त्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून कार्डावर लिहायच्या. तीन आठवड्यांत जजकाका पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता चढायला लागले. कॅशियरची अर्धशिशी एक सोमवार आलीच नाही. आणि माझं कार्ड? वर्गाच्या आधी एकशे पन्नास, वर्गानंतर एकशे साठ. सिस्टरांनी यंत्र बदललं. एकशे बासष्ट.

कारण उघड होतं. बाकीचे श्वास घेत होते आणि मी व्यवस्था बघत होतो. खुर्च्या अकराच्या दहा का? पंखा कोणी बंद केला? काकू डोळे मिटून बसल्या आहेत की झोपल्या आहेत? त्यात खिशात फोन थरथरायचा. सेक्रेटरींचा. हॉलच्या खिडक्या आपण किती उघडल्या आहेत? निम्म्याच उघडण्याची परवानगी होती.

एके दिवशी भ्रामरी सुरू व्हायच्या आधी तो फोन तिसऱ्यांदा वाजला आणि सिस्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाहेर जा."

"मी?"

"तुम्ही व्यवस्थापक म्हणून येता. मला पेशंट हवा आहे. व्यवस्थापकाला घरी ठेवून या, मग बसा."

अकरा जणांत माझी ही शोभा झाली. ज्याने वर्ग उभा केला, त्यालाच वर्गाबाहेर! वयाच्या चोपन्नाव्या वर्षी! मी बायकोकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ दाबून धरले होते. तो योग नव्हता, ते हसू होतं.

मी तणतणत लिफ्टपाशी येऊन उभा राहिलो. आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. 'हूंऽऽऽ'. खोल, घुमणारा, लिफ्टच्या भिंतीतून येणारा. थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. मोटर जळते आहे, यात मला तिळमात्र शंका राहिली नाही. तीस वर्षांची सवय; मी खिशातून कागद काढला आणि तिथेच उभ्याउभ्या तक्रार लिहिली : 'लिफ्टच्या यंत्रणेतून सकाळी सात पस्तीसला संशयास्पद घरघर. तातडीने तपासावे, अन्यथा जीवितास धोका.' खाली सही, तारीख. सेक्रेटरींच्या दारातून आत सरकवली. अपमानानंतर माणसाला एखादं चोख काम करून जो दिलासा मिळतो, तो मला मिळाला.

वाचकांच्या लक्षात आलं असेलच. माझ्या आलं नाही. याला कारण आहे : भ्रामरी करताना कानांत बोटं घालायची असतात आणि तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं असतं. तोवर मी ती कायम आतून ऐकली होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझाच असायचा. इतक्या जणांची भ्रामरी बाहेरून कशी ऐकू येते, हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

लिफ्टचा मेकॅनिक दुपारी आला. त्याला दुपारी काही ऐकू आलं नाही. पण 'जीवितास धोका' असं लेखी आल्यावर कोण जबाबदारी घेतो? त्याने लिफ्ट बंद केली, दाराला पाटी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येतो म्हणाला.

संध्याकाळी मी चार मजले चढून घरी आलो, तेव्हा बायको खिडकीशी बसली होती.

"लिफ्ट कोणी बंद करवली?" तिने विचारलं.

तोंडावरची रेष. मी काही सांगायच्या आत तिने ती वाचली.

"मी सुरक्षिततेसाठी..."

"चार मजले, अहो. माझे गुडघे."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. दोन दिवस वर्ग चुकला तर काय बिघडतं?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी माझी बोटं उघडायला तासभर लागायचा. तुम्ही पेपर वाचत असायचात, तुम्हाला कळायचं नाही. हल्ली अर्धा तास लागतो. वाचलेला अर्धा तास माझा आहे. सहा वर्षांनी मिळालाय. तो मी तुमच्या लिफ्टसाठी सोडणार नाही."

सहा वर्षं मी बरण्यांची झाकणं उघडत होतो आणि मला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ती सहा वाजता निघाली. कठडा धरून, एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग पुढची. प्रत्येक मजल्यावर मी खुर्ची ठेवायचो, ती बसायची, मोजून दहा श्वास घ्यायची. मग मी खुर्ची उचलून खालच्या मजल्यावर न्यायचो. मध्ये एकदा मी "जमतंय ना?" असं विचारलं, तर म्हणाली, "बोलू नका, माझे श्वास चुकतात." चार मजल्यांना पन्नास मिनिटं लागली. खाली पोहोचलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा, की मी नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवशी मी फोन घरीच ठेवला होता. सिस्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, कारण माझ्या कानांत बोटं होती. मेकॅनिकने नंतर सांगितलं ते असं. सात पस्तीसला तो आणि सेक्रेटरी लिफ्टच्या दाराला कान लावून उभे होते. बरोबर वेळेवर 'हूंऽऽऽ' सुरू झालं. मेकॅनिक उडालाच. "साहेब, मेन स्विच मी स्वतः बंद केलाय. वीजच नाहीये. तरी मोटर चालू आहे!"

वीज नसताना चालणारी मोटर नियमावलीच्या कुठल्याच कलमात बसत नव्हती. सेक्रेटरींना घाम फुटला. आवाजाचा माग काढत ते हॉलच्या दाराशी आले आणि त्यांनी दार ढकललं. आत अकरा माणसं, डोळे मिटलेले, कानांत बोटं, आणि घुमताहेत.

"बंद करा!" सेक्रेटरी ओरडले.

कोणी ऐकलं नाही. ऐकणार कसं?

"अहो, बंद करा हे! लिफ्ट! नियम! परवानगी श्वसनाची आहे, आवाजाची नाही!"

'हूंऽऽऽ', आम्ही म्हणालो.

ते हॉलच्या मध्यभागी येऊन ओरडले. मग खुर्चीखुर्चीसमोर जाऊन ओरडले. जजकाकांना वाटलं वारा आला. सेक्रेटरींनी शेवटी नऊ वर्षांचं सगळं ओरडून घेतलं असावं : गळक्या टाक्या, पार्किंगची भांडणं, कचरा, सगळं. आणि मग त्यांचा आवाजच बसला, हात छातीवर गेला आणि ते होते तिथेच जमिनीवर बसले.

सिस्टर तेवढ्या डोळे उघडे ठेवून असायच्या. आम्ही कानांतली बोटं काढेपर्यंत त्यांनी सेक्रेटरींना भिंतीला टेकवलं होतं, नाडी धरली होती आणि मेकॅनिकला डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं होतं. सेक्रेटरी हुंदके दिल्यासारखा श्वास घेत होते. "मी मरतोय का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याबरोबर मोजा. घ्या. आता सोडा, सावकाश."

माझी बायको उठली, सावकाश सेक्रेटरींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिने त्यांचा हात धरला. "माझ्या बोटांबरोबर मोजा," ती म्हणाली. "मला पण घाई जमत नाही."

डॉक्टर आले, त्यांनी तिथेच हृदयाचा आलेख काढला. हृदय ठीक होतं. रक्तदाब एकशे नव्वद. जजकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात रक्तदाब." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि सेक्रेटरींना विचारलं, "असं याआधी कधी झालं होतं?"

सेक्रेटरींनी मान हलवली. मग म्हणाले, "दर महिन्याला होतं. सभेच्या आदल्या दिवशी. कोणाला सांगायचं? सेक्रेटरीची तक्रार कोण लिहून घेतो?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मला तर मान वर करवेना. त्यांच्या दारातून आत सरकलेल्या कागदांमधले निम्मे माझ्याच अक्षरात असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते आले. विषयपत्रिका न मागता बाराव्या खुर्चीवर बसले. लिफ्टही सुरू झाली. मेकॅनिकने अहवालात 'दोष आढळला नाही, रहिवासी गुणगुणतात' असं लिहिलं. सहा आठवड्यांत सेक्रेटरींचा आकडा उतरला, चेहऱ्यावर रंग आला, आणि एकदा तर त्यांनी हॉलच्या चारही खिडक्या स्वतःच्या हाताने सताड उघडल्या. सिस्टरांनी त्यांना सांगितलं होतं, श्वास तुम्ही छान घेता, आता एखादं ओझंही खाली ठेवा. कुठलं, ते त्या बोलल्या नव्हत्या.

माझा आकडा मात्र आठवड्याला दोन-तीन अंकांनीच, उपकार केल्यासारखा उतरत होता. शेवटी शवासनात सगळे चटयांवर शांत पडायचे आणि मी छताकडे बघत ऑफिसातली वही आठवायचो.

मग एका रविवारी सिस्टरांनी जरा जास्त वेळ झोपवलं. खिडक्यांतून ऊन आलं होतं. शेजारी बायको पडली होती, तिचा तळवा वर, आणि बोटं जवळजवळ सरळ. मी त्या बोटांकडे बघत राहिलो. एक सरळ, दुसरं सरळ, तिसरं किंचित... आणि मला झोप लागली.

मला जाग आली ती टाळ्यांनी. डोळे उघडले तर चहूबाजूंना पाय. खुर्च्यांचे आणि माणसांचे. हॉलमध्ये सगळी इमारत बसली होती, मध्ये चटईवर मी, अंगावर चादर. समोर टेबलामागे जजकाका अध्यक्ष म्हणून बसले होते. वार्षिक सभा. ती दुपारी साडेबाराला होती. म्हणजे मी चार तासांहून जास्त झोपलो होतो.

"अभिनंदन!" काकू वरून वाकून म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"सेक्रेटरींनी राजीनामा दिला. तुमचं नाव मी सुचवलं, जजकाकांनी हरकत आहे का म्हणून तीनदा विचारलं. तुम्ही घोरलात. तो होकार म्हणून लिहून घेतलाय."

माजी सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसले होते. इतका निवांत माणूस मी त्या इमारतीत पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून मोकळं हसून किल्ल्यांचा जुडगा चटईच्या कडेला ठेवला.

बायको उशाशी खुर्चीवर बसली होती. मी दबक्या आवाजात म्हणालो, "अगं, तू मला उठवलं का नाहीस?"

"उठवणारच होते," ती म्हणाली. "सेक्रेटरींचं बोलणं सुरू झालं तेव्हाच हात पुढे केला होता. मग तुमच्या तोंडाकडे लक्ष गेलं. कपाळावर एक आठी नव्हती. असे तुम्ही मला लग्नात दिसला होतात. म्हटलं, सेक्रेटरी करतात तर करू देत, पण हा माणूस अजून थोडा वेळ बघून घेऊ."

"उठा आता," तिसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "नवीन सेक्रेटरींना पार्किंगबद्दल विचारायचंय."

मी बायकोचा हात धरला, चादर नाकापर्यंत ओढली आणि डोळे परत मिटून घेतले.